१८ वॅट गेले. त्यातले वयाने नेले किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात गल्लत होत असेल तर लगेच दिसेल. तुमचं वय ५७, वजन ७४ किलो. चार वर्षांपासून घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवून वॅट मोजणाऱ्या यंत्रावर, पडद्यावरच्या आभासी शर्यती करता. गेल्या वर्षी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, २४३ वॅट होता, आता २२५ आहे. दर मंगळवारी ज्याच्याशी चुरस असते तो मित्र ४६ वर्षांचा, ६६ किलोचा, २५० वॅटचा. दोन वर्षं तुम्ही दोघं दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने शर्यत संपवत होतात, आता पहिल्याच मोठ्या चढावर तुम्ही मागे सुटता. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गेल्या महिन्यापासून तो चढावर वेग कमी करून तुमच्यासाठी थांबतो. तुम्ही विचारता, सराव दुप्पट करू, की वय झालं असं समजून शर्यती सोडून नुसती सायकल चालवू?

दोन्ही नको. मी ६३ वर्षांचा आहे. तीस वर्षांहून अधिक काळ सायकल चालवतोय, गेली नऊ वर्षं ट्रेनरवर शर्यती करतोय आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या हौशी रायडर्सना सराव आखून देतो. असा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी विचारणाऱ्याने आकडा पाहताक्षणी निकाल लावून टाकलेला असतो: वय झालं. वयाच्या माथी सगळं मारलं की शोध थांबतो. म्हणून आधी ताळा करून बघू.

शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण दहा टक्के उतरते. जे जोरकस सराव सोडत नाहीत त्यांच्यात ही घसरण जवळपास निम्मी असते. साठीनंतर उतार जरा वाढतो. या हिशेबाने तुमचं एका वर्षात अर्धा ते एक टक्का जायला हवं. २४३ चा एक टक्का म्हणजे अडीच वॅटसुद्धा होत नाहीत. तुमचे गेले १८, म्हणजे सुमारे साडेसात टक्के. एवढं न्यायला वयाला निदान सात-आठ वर्षं लागतात. उरलेल्या पंधरा-सोळा वॅटांचा पत्ता आपल्याला शोधायचा आहे, आणि माझा अनुभव असा की त्यातले बरेचसे सापडतात.

वय जे खरंच नेतं ते आधी सांगतो, कारण तेही नीट माहीत असावं. हृदयाचे कमाल ठोके दरवर्षी पाऊण ठोक्याच्या आसपास कमी होतात आणि सरावाने ते परत येत नाहीत. २२० मधून वय वजा करायचं हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण वयस्कर माणसांसाठी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करणं जास्त जवळ जातं. तुमच्या बाबतीत ते १६८ येतं, जुन्या सूत्राने १६३. तरी एकाच वयाच्या दोन माणसांत दहा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो, तेव्हा स्वतःचा आकडा शर्यतीतल्या शेवटच्या चढावर छातीच्या पट्ट्याने मोजलेला धरा. दुसरी गोष्ट स्नायूंची. वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, संथ तंतू टिकून राहतात. म्हणून दमसास पुष्कळ वर्षं साथ देतो, पण अचानक उसळी मारण्याची ताकद लवकर ओसरते. तुमच्या शर्यतींच्या नोंदींत पाच सेकंदांचा आणि एक मिनिटाचा सर्वोत्तम आकडा तीन वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. वय बोलत असेल तर ते तिथे आधी बोलेल. तिसरी गोष्ट, थकवा भरून यायला लागणारा वेळ. हा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो, त्याच्याकडे पुढे येतो.

आणि वय किती देऊ शकतं तेही ऐका. फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांचा जन्म १९११ चा. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त धावपट्टीवर, एका तासात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, ते २६.९२७ किलोमीटर गेले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्यांचा सराव बदलून दिला होता आणि त्यांचा व्हीओटू मॅक्स ३१ वरून ३५ वर गेला होता. त्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग हलका आणि २० टक्के भाग कठीण होता. २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी त्यांचा तासाचा आकडा २२.५४७ वर आला. शेवटी उतार आलाच, पण त्याआधी दोन वर्षं तो माणूस वर गेला, शंभरी ओलांडल्यावर. मला हे उदाहरण फार जवळचं आहे, कारण त्यात सरावाची मात्रा आणि वयाचा उतार दोन्ही वेगवेगळे दिसतात.

आता हरवलेल्या वॅटांकडे येऊ. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: गेल्या हिवाळ्यात टायरला रोलर टेकणारा जुना ट्रेनर देऊन टाकला आणि मागचं चाक काढून बसवायचा नवा घेतला. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली हीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. रोलरच्या ट्रेनरमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चूक असू शकते. टायरमधली हवा, रोलर किती घट्ट दाबलाय, टायर किती तापलाय, सगळ्याने आकडा हलतो. चाक काढून बसवायच्या चांगल्या ट्रेनरची चूक एक-दोन टक्क्यांत राहते. २४३ चे पाच टक्के म्हणजे बारा वॅट. तुमचा जुना ट्रेनर तुम्हाला उदार हाताने वॅट देत असण्याची शक्यता मोठी आहे.

हे मी स्वतः भोगलंय, आणि नेमकं तुमच्याच वयात. ट्रेनर बदलला आणि पहिल्याच शर्यतीत नेहमीच्या दमाला ११ वॅट कमी दिसले. आभासी शर्यतीत वेग मोजलेल्या वॅटांवरूनच ठरतो, त्यामुळे ज्या घोळक्यात मी आरामात बसायचो त्याच्या शेपटाला लोंबकळायला लागलो. दोन महिने ते फार मनाला लावून घेतलं. रोज जास्त जोर काढला, गुडघा दुखावून घेतला, तीन आठवडे बसून राहिलो. शेवटी एका सहकाऱ्याने पेडलमध्ये बसवलेला पॉवर मीटर, म्हणजे वॅट मोजणारं उपकरण, चार दिवसांसाठी दिला. जुना ट्रेनर अजून घरातच होता. दोन्ही ट्रेनरवर तोच मीटर लावून वीस-वीस मिनिटं एकाच वेळी नोंद घेतली, आणि उत्तर कागदावर आलं: नवा ट्रेनर बरोबर होता, जुना जास्त दाखवत होता. माझे पाय होते तिथेच होते. तुम्हीही हे करा. जुना ट्रेनर ज्याला दिला त्याच्याकडे जाऊन केलं तरी चालेल. मोजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवून ट्रेनर तापू द्या आणि मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याचं माप जुळवून घ्या. मागचे आकडे खोटे ठरतील असं समजू नका. ते वेगळ्या पट्टीने मोजलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

मित्राच्या ट्रेनरवर मात्र लगेच शंका घेऊ नका. आधी स्वतःचं माप तपासा, मग त्याला सहज सांगा की मी असं करून पाहिलं. वजनाचंही तसंच. खेळात भरलेलं वजन दर आठवड्याला खरं असावं, कारण चढावरचा वेग त्यावरच उभा असतो. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पहिल्याच राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेत जिंकलेल्या रायडरचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, कारण खेळातली एक वेगवान सायकल त्याने स्वतः पेडल न मारता सॉफ्टवेअरकडून अंतर भरून घेऊन मिळवली होती. मैत्रीतल्या शर्यतीत कुणी इतकं करत नाही, पण वर्षभर जुनंच वजन तसंच ठेवणारे खूप असतात, आणि त्यातून उगाच कडवटपणा येतो.

दुसरी जागा उष्णतेची. शरीर खर्च करतं त्यातला जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. तुम्ही २२५ वॅट काढता तेव्हा साडेसातशे वॅटच्या आसपास उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. बंद खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं आहे ते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, ट्रेनरवर काही हलत नाही. वयाबरोबर घाम यायला उशीर होतो आणि तहानेची जाणीवही बोथट होते. मग रक्त त्वचेकडे वळतं, पायांना कमी मिळतं, ठोके चढत जातात आणि वॅट गळतात. तुमचा पंखा तुम्ही लिहिल्याप्रमाणे कोपऱ्यात, जमिनीवर आहे. तो छातीसमोर हातभर अंतरावर आणा, जमलं तर दुसरा पाठीमागे लावा. शर्यतीच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर एक लिटर पाणी कमी पडलं असं धरा. नुसता पंखा सरकवल्यावर लोकांचे वॅट परत आलेले मी पाहिले आहेत.

तिसरी जागा सरावाची, आणि इथे तुमची चूक स्पष्ट दिसते. आठवड्यात तीन शर्यती, रविवारी वेगवान गटाबरोबर लांबची फेरी, आणि मधल्या दोन दिवशी 'मध्यम' चालवणं. म्हणजे चार दिवस कठीण, दोन दिवस धड कठीण नाहीत आणि धड हलकेही नाहीत. तिशीत हे खपतं. पन्नाशीच्या पुढे एका खऱ्या कठीण दिवसानंतर पाय पूर्ववत व्हायला ४८ तास, पुष्कळदा ७२ तास लागतात. तुम्ही ते कधीच देत नाही. मग प्रत्येक शर्यतीला अर्धे थकलेले पाय घेऊन जाता, आकडा पडतो, तो पडला म्हणून चौथी शर्यत घेता. दुप्पट सराव हे या फेऱ्यातलं पुढचं पाऊल आहे, म्हणून त्याला मी सुरुवातीलाच नको म्हटलं.

सहा आठवड्यांसाठी एवढं करा. आठवड्यात कठीण दिवस दोनच. एक मंगळवारची शर्यत, ती सोडायची नाही. दुसरा शुक्रवार किंवा शनिवार: वीस मिनिटांचा वॉर्मअप, मग चार मिनिटांचे चार जोरकस तुकडे, मध्ये तीन-तीन मिनिटं हलकं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ठोके कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांच्या वर असावेत. पहिला तुकडा इतका जोरात काढू नका की चौथा कोसळेल. बाकीचे दिवस खरोखर हलके, इतके की शेजारी बसलेल्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. हलकं चालवणं हौशी माणसाला अपमानास्पद वाटतं. पण दमसास तिथेच बांधला जातो, मार्शांचा ८० टक्के सराव तिथेच होता. आठवड्यातल्या एका हलक्या दिवशी शेवटी दहा-दहा सेकंदांच्या सहा पूर्ण ताकदीच्या उसळ्या घ्या, मध्ये तीन-चार मिनिटं सोडून. झिजणाऱ्या वेगवान तंतूंना रोखायला एवढी थोडी मात्राही कामी येते. चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा.

आठवड्यातून दोनदा वजनं उचला, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावर पायरी चढणं, हातांसाठी ओढण्या-ढकलण्याचे व्यायाम. पहिले तीन आठवडे हलक्या वजनावर ढब शिकण्यात घालवा, मग पाच ते आठ वेळाच उचलता येईल इतकं वजन. सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं विरळ होण्याचा धोका असतो, आणि ट्रेनरवर तर रस्त्याचे हादरेही नसतात. पुरुषांना हे बायकांचं दुखणं वाटतं, तसं नाही. प्रथिनांचंही वयाबरोबर गणित बदलतं. तेवढ्याच प्रथिनावर स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून एका जेवणात किलोमागे ०.४ ग्रॅम, तुमच्यासाठी ३० ग्रॅमच्या आसपास, असं दिवसातून तीनदा घ्या. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. मंगळवारची शर्यत रात्री साडेनऊला संपते आणि मग बाराशिवाय डोळा लागत नाही, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. तसं असेल तर बुधवारी काहीही करू नका.

आता गंभीर गोष्ट. साडेसात टक्के घसरण ट्रेनर, उष्णता आणि थकवा यांत बसली नाही तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, थायरॉइड, साखर. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके चढूच देत नाहीत. तुम्ही अशी गोळी या वर्षात सुरू केली असेल तर ठोक्यांचे सगळे टप्पे बाद समजा आणि श्रमाच्या जाणिवेवर चला, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. छातीत दडपण, चक्कर, नेहमीच्या वेगाला भलतीच धाप, किंवा पट्ट्यावर ठोके एकदम उडी मारून अनियमित होणं, यातलं काहीही दिसलं तर त्या क्षणी पेडल थांबवा आणि पुढची शर्यत डॉक्टरांना दाखवल्यानंतरच. स्वीडनच्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीतल्या ५२ हजारांहून अधिक जणांचा अभ्यास झाला आहे. ज्यांनी जास्त शर्यती केल्या आणि जे जास्त वेगवान होते, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण अधिक दिसलं. दमसासाचे खेळ हृदयाला चांगलेच आहेत, पण अनेक वर्षं स्वतःला पिळून काढणाऱ्याने लयीकडे लक्ष ठेवायचं असतं. घरात एकटे शर्यत करत असाल तर दार आतून लावू नका आणि फोन हाताशी ठेवा.

शर्यतीकडे वळतो, कारण तिथे तुम्ही आजच्या पायांवरही बरंच मिळवू शकता.

आभासी शर्यत वयस्कर माणसाशी एका बाबतीत कठोर आहे, हे मान्य करायला हवं. रस्त्यावर अनुभव कामी येतो: वळण कुठून घ्यायचं, उतारावर ब्रेक कधी सोडायचा, वारा कुठून येतोय. ही कौशल्यं साठीतही शाबूत असतात आणि पायांची कमी भरून काढतात. ट्रेनरवर ती सगळी गळून पडतात, उरतं इंजिन. २०२० मध्ये सायकलिंग ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑसबोर्न, जो तोवर नौकानयनात जगज्जेता म्हणून ओळखला जायचा. नावेत घडवलेलं इंजिन ट्रेनरवर तसंच्या तसं चाललं. शिवाय इथे प्रत्येक आठवड्याचा आकडा नोंदला जातो, वाऱ्यावर किंवा रहदारीवर ढकलायला जागा नसते. म्हणून घसरण इथे लवकर दिसते आणि जास्त टोचते.

पण सगळं इंजिनावर नाही. तुमच्या दोघांचे आकडे शेजारी ठेवा. मित्राचे २५०, तुमचे २२५: सपाटीवर तुम्ही दहा टक्के मागे. किलोमागे पाहिलं तर त्याचे ३.७९, तुमचे ३.०४: चढावर वीस टक्के मागे. झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या मंचावरचा आल्प दु झ्विफ्ट घ्या, २१ वळणांचा घाट, १२.२ किलोमीटरमध्ये १,०३६ मीटर चढ. ढोबळ हिशेबाने त्याला ५४-५५ मिनिटं लागतील, तुम्हाला ६५ च्या पुढे. तिथे कसलीही चलाखी चालत नाही. सपाटीवर मात्र वेग वॅटांच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दहा टक्के वॅट कमी म्हणजे वेग जेमतेम साडेतीन टक्के कमी. आणि दुसऱ्याच्या मागे नीट बसलात तर पाव भाग श्रम वाचतात. म्हणजे सपाट किंवा लहान चढ-उतारांच्या मार्गावर तुम्ही त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहू शकता, फक्त सगळा वेळ कुणाच्या तरी मागे राहिलं पाहिजे. मंगळवारचा मार्ग आळीपाळीने निवडायचा असं ठरवून घ्या.

सुरुवातीची तीन मिनिटं आभासी शर्यतीत सगळ्यात क्रूर असतात. सगळे एफटीपीच्या खूप वर सुटतात आणि घोळका तिथेच फुटतो. वयाबरोबर शरीर ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ण जोमाने सुरू करायला जास्त वेळ घेतं, म्हणून ही मिनिटं तुम्हाला तरुणांपेक्षा जास्त महाग पडतात. उपाय वॉर्मअपचा आहे. तुमची पाच मिनिटं फार अपुरी आहेत. वीस मिनिटं चालवा, त्यात एक तीन मिनिटांचा तुकडा एफटीपीवर आणि दोन-तीन छोट्या उसळ्या, आणि सुटण्याआधी पाच मिनिटं हलकं. बंदूक सुटायच्या दहा-पंधरा सेकंद आधीच पेडल जोरात फिरत असू दे.

दोन-तीन मिनिटांच्या चढाच्या पायथ्याशी घोळक्याच्या पहिल्या पाचात असा. चढभर हळूहळू मागे घसरा, माथ्यावर शेवटच्या पाचात पोचलात तरी तुम्ही अजून घोळक्यातच आहात. पायथ्याशीच मागे असलेला माणूस माथ्यावर एकटा पडतो. आणि माथा आला म्हणून पाय सैल सोडू नका. पुढचे लोक तिथून उताराला लागलेले असतात, त्या वीस-तीस सेकंदांत लोक सगळ्यात जास्त सुटतात. दम त्या क्षणासाठी राखून ठेवा. ट्रेनरवर चढ किती जाणवावा याची सेटिंग कमी केलीत तर लागणारे वॅट बदलत नाहीत, पण गिअर कमी बदलावे लागतात आणि गुडघे सुखावतात. त्यात कमीपणा काही नाही. एफटीपी २२५ वर, किलोमागे ३.२ वॅटच्या खाली आल्यामुळे किलोमागच्या वॅटांवरून ठरणाऱ्या गटांच्या जुन्या मांडणीत तुम्ही बी मधून त्याखालच्या सी मध्ये जाता. काही शर्यती सी गटातून करा. पुढच्या दहात राहून डावपेच खेळण्याची सवय शेपटाला लोंबकळत टिकत नाही.

आता मित्राचं. यासाठीच मी एवढं लांब लिहायला बसलो.

१८९८ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या वेळांची नोंदवही तपासली. घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवणाऱ्यांपेक्षा सोबत कुणी असणारे आणि स्पर्धा करणारे वेगवान होते. पुढे त्यांनी मुलांना मासेमारीची रिळं फिरवायला लावून हेच तपासलं. सोबतीचा माणसावर काय परिणाम होतो याचा हा सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक मानला जातो, आणि त्याचं मूळ सायकलीत आहे याचा मला आनंद वाटतो. २०१२ च्या एका प्रयोगात सायकलपटूंना चार किलोमीटर पडद्यावरच्या एका आकृतीशी शर्यत लावायला सांगितलं. ही तुमचीच आधीची सर्वोत्तम कामगिरी आहे असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात आकृती दोन टक्के जास्त वॅटवर ठेवली होती. आपल्या आधीच्या सर्वोत्तमपेक्षा ते वेगात गेले. थोडासाच पुढे असलेला प्रतिस्पर्धी आपल्यातलं राखून ठेवलेलं बाहेर काढतो. वीस टक्के पुढे असलेला ते करू शकत नाही, तो नजरेआड होतो. तुमच्या मित्राच्या बाबतीत चढावर नेमकं हेच झालंय. ईर्षा संपलेली नाही, अंतर तिच्या आवाक्याबाहेर गेलंय. ते पुन्हा आवाक्यात आणायचं आहे.

तो थांबतो ते प्रेमाने थांबतो, यात मला शंका नाही. पण शर्यतीत थांबणाऱ्याबरोबर शर्यत होत नाही, आणि तुम्हाला ते लागलं यात गैर काही नाही. त्याला मोकळेपणी सांगा. मी माझ्या जोडीदाराला सांगायला एक वर्ष लावलं आणि ते वर्ष वाया गेलं. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. मी ५७ चा असताना तो असाच मागे राहायला लागला होता. मी चिडून त्याच्या शर्यतीच टाळायला लागलो, त्याला वाटलं माझं काही बिनसलंय. एकदा बोललो तेव्हा कळलं की मी शर्यती सोडल्या तर त्याचाही सराव सुटेल, ही भीती त्याला होती. त्यानंतर आम्ही एक पद्धत बसवली आणि ती पाच वर्षं चालू आहे.

महिन्यातल्या दोन शर्यती आम्ही मोठ्या घोळक्यात करतो, तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. बाकीच्या दोन आम्ही दोघंच सपाट मार्गावर करतो, आणि मी आधी निघतो. तुमच्या आकड्यांवर ३० किलोमीटरच्या, पाऊण तासाच्या मार्गाला साधारण दीड मिनिटाची सोड येते. जो जिंकेल त्याच्या विरोधात पुढच्या वेळी दहा सेकंद. काही आठवड्यांतच अंतर असं जुळतं की शेवटच्या किलोमीटरला पाठीमागून येणारा पडद्यावर दिसायला लागतो. त्या किलोमीटरमध्ये मी गेल्या पाच वर्षांतले माझे सगळ्यात चांगले तीन मिनिटांचे आकडे काढलेत, इतर कुठल्याही सरावात नाही. गटांना अशी सोड देऊन निघणाऱ्या पाठलागाच्या शर्यती आभासी मंचांवरही असतात, पण दोघांची स्वतःची सोड जास्त नेमकी बसते.

घाटांसाठी दुसरी वही आहे. तिथे आम्ही एकमेकांशी वेळ जुळवत नाही. प्रत्येकाने आपल्या गेल्या वर्षीच्या सर्वोत्तम वेळेशी टक्केवारी काढायची आणि ज्याची टक्केवारी चांगली तो जिंकला. गेल्या वर्षी मी अर्धा टक्का मागे होतो, तो दीड टक्का, म्हणजे वही माझ्या नावावर गेली. तो आता ५४ चा आहे आणि परवाच विचारत होता की कठीण दिवसांमध्ये मी किती अंतर ठेवतो.

आणि हंगामात निदान एकदा दोघं एकाच संघात उतरा. सांघिक घड्याळी शर्यतीत बलवान रायडर पुढे जास्त वेळ वारा झेलतो, बाकीचे मागे बसून कमी वेळ पुढे येतात, आणि वेळ संघाची मोजली जाते. तिथे त्याने तुमच्यासाठी वेग सांभाळणं हा डावपेच असतो. तुम्ही चाळीस सेकंद पुढे येऊन त्याला श्वास घेऊ दिलात तर ते दोघांच्याही वेळेत दिसतं.

सहा आठवड्यांनी चाचणी घ्या: नवाच ट्रेनर, समोर पंखा, आधीचे दोन दिवस हलके, वीस मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के. तोच आकडा इथून पुढे तुमचा पाया, २४३ शी त्याची तुलना करू नका. तो २२५ च्याही खाली आला तर सरावाला हात न लावता आधी डॉक्टरांकडे जा. मित्राला मात्र सहा आठवडे थांबवून ठेवू नका. आजच कळवा की मंगळवारी चढावर थांबायचं नाही, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी सपाट मार्गावर मला तुझ्या आधी दीड मिनिट सोडायचं.